घरी बांधलेल्या विमानात बॅटरी कुठे बसवायची आणि ग्राउंड कसा द्यायचा

मुंबईत ‘अर्थिंग’ म्हटलं की सोसायटीच्या आवारात मीठ-कोळसा घालून पुरलेली प्लेट डोळ्यांसमोर येते. तिथून एक पट्टी मीटर बॉक्सपर्यंत गेलेली असते, आणि सगळं नीट चाललं असेल तर त्या पट्टीतून काहीच वाहत नाही. ती अपघातापुरती असते. विमानाचं काम करायला बसणारा नवा माणूस हीच कल्पना मनात घेऊन येतो आणि तिथेच चुकतो. विमानाला पुरायला जमीन नाही. विमानात ज्याला आपण ग्राउंड, बॉडी किंवा अर्थ म्हणतो, तो करंटचा परतीचा रस्ता आहे. स्टार्टरकडे २५० अँपिअर गेले तर तेवढेच्या तेवढे २५० अँपिअर बॅटरीच्या निगेटिव्हला परत यावे लागतात. जाणारी वायर आपण जाडजूड आणि लाल घेतो, फ्यूज लावतो, लेबल चिकटवतो. परतीचा रस्ता मात्र ‘बॉडीला टाकून दे’ एवढ्यावर सोडतो. माझ्या पाहण्यातली विजेची निम्मी दुखणी या एका वाक्यातून आलेली आहेत.

आम्ही तिघं मित्र कांदिवलीतल्या एका औद्योगिक गाळ्यात दोन आसनी, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं विमान बांधतो आहोत. त्याच कांदिवलीत, चारकोपच्या गच्चीवर, कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ साली बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. तेव्हापासून घरी विमान बांधायचंय म्हणून मला विचारणारे बरेच भेटतात. पंख, रिव्हेट, इंजिन यांबद्दल सगळे विचारतात. बॅटरीबद्दल विचारतात ते काम अडल्यावर. म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

पुढचं सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीचं, एक इंजिन असलेलं छोटं विमान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. तुमच्या किटचं आणि इंजिनाचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका. आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीशिवाय चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत, हे धरूनच चाला.

१. आधी कागदावर, आणि निगेटिव्हच्या वायरीसकट

हाताशी काय हवं ते आधी सांगतो.

कागद: किटचं मॅन्युअल, इंजिनाचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल, बॅटरीचं माहितीपत्रक (त्यात अंतर्गत रोध आणि चार्जिंगचे व्होल्ट असले पाहिजेत), वजन आणि गुरुत्वमध्याचा तक्ता, कोणतं उपकरण किती अँपिअर घेतं त्याची यादी, आणि तुम्ही स्वतः काढलेली वायरिंगची आकृती.

हत्यारं: षटकोनी डाय असलेला हायड्रॉलिक क्रिम्पर (केबलच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टमध्ये अडकवायचं भोकाचं धातूचं टोक, चेपून बसवायचं हत्यार), टॉर्क रेंच, २०० मिलिव्होल्टची रेंज असलेला मल्टिमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, गाडीच्या हेडलाइटचा एच-४ बल्ब होल्डरसकट, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. क्लॅम्प मीटर घेताना डबा नीट वाचा. स्वस्तातले बरेच मीटर फक्त एसी करंट दाखवतात आणि आपल्या कामाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

आकृती काढताना एक सवय लावून घ्या. पुस्तकी आकृतीत प्रत्येक उपकरणाखाली ग्राउंडचं ते तीन आडव्या रेघांचं चिन्ह काढून मोकळे होतात. तसं करू नका. प्रत्येक उपकरणाची निगेटिव्ह वायर काळ्या पेनाने बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपर्यंत खरोखर ओढा. ती कुठल्या बोल्टला जाते, तिथून पुढे कशातून जाते, ते लिहा. माझ्या पहिल्या आकृतीत एकोणीस ठिकाणी ते चिन्ह होतं. त्या रेघा ओढायला बसलो तेव्हा कळलं की त्यातल्या सात वायरी कुठे जोडायच्या हे मी ठरवलंच नव्हतं.

२. बॅटरी कोणती

इथे फार वेळ घालवू नका. खरा पर्याय दोनच आहेत: सीलबंद एजीएम (आतलं आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं) लेड-अ‍ॅसिड किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट.

छोट्या विमानांत चालणारी १६ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) आसपासची एजीएम बॅटरी साधारण ७ किलोची असते. तेवढंच काम करणारी लिथियम सव्वादोन-अडीच किलोत बसते. साडेचार किलो वाचतात म्हणून सगळ्यांना मोह होतो. पण लिथियम घेतलीत तर आत बीएमएस (सेलवर नजर ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणारं सर्किट) असलेली, विमानासाठीच बनवलेली घ्या, आणि अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) ओव्हरव्होल्टेज संरक्षण लावा. रेग्युलेटर बिघडून १६-१७ व्होल्ट चढले तर एजीएम गरम होऊन वायू सोडते, लिथियमचं प्रकरण त्याहून गंभीर असतं.

मागवण्याचंही एक आहे. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, आणि मालवाहू विमानातून पाठवतानाही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज केलेल्या चालत नाहीत. त्यामुळे परदेशातून मागवलीत तर उशीर धरून चला आणि हातात आल्यावर आधी पूर्ण चार्ज करा.

पहिलंच विमान असेल तर माझं मत एजीएमच्या बाजूने आहे. तिच्या चुका लवकर दिसतात आणि सहन करता येतात.

३. जागा ठरवणं

बॅटरीची जागा ठरवताना चार गोष्टी एकमेकींना ओढतात: गुरुत्वमध्य, केबलची लांबी, उष्णता, आणि हात पोचणं. सगळ्या एकाच जागी जुळत नाहीत. म्हणून क्रम लक्षात ठेवा, गुरुत्वमध्य पहिला.

हिशेब सोपा आहे. सरकवलेलं वजन गुणिले सरकवलेलं अंतर, भागिले विमानाचं एकूण वजन. ७ किलोची बॅटरी फायरवॉलवरून (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आगरोधक भिंतीवरून) काढून अडीच मीटर मागे, सामानाच्या कप्प्यामागे नेली आणि विमान ५०० किलोचं असेल, तर गुरुत्वमध्य ३५ मिलिमीटर मागे जातो. छोट्या विमानात पुढची आणि मागची मर्यादा यांत एकूण अंतरच मोजक्या सेंटिमीटरचं असतं, तेव्हा ३५ मिलिमीटर ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच व्हॅन्स या किट कंपनीच्या आरव्ही-१० मध्ये, जड सहा सिलिंडरचं इंजिन पुढे असल्याने, बॅटरी मागे शेपटीच्या बाजूला असते. उलट इंजिन मागे असलेल्या लाँग-ईझीसारख्या विमानात ती नाकात जाते. तिथे बॅटरी वजनाच्या वीटेचंही काम करते.

यातला सापळा असा: फायरवॉलवरची ७ किलोची एजीएम काढून त्या जागी अडीच किलोची लिथियम बसवली की लोक ‘वजन कमी झालं’ म्हणून खूश होतात. पुढचं वजन कमी झालं म्हणजे गुरुत्वमध्य मागे सरकला. साडेचार किलो, गुरुत्वमध्यापासून सव्वा मीटर पुढे, ५०० किलोचं विमान: सुमारे ११ मिलिमीटर मागे. तक्ता पुन्हा करा, विमान पुन्हा काट्यावर घ्या.

आता केबल. तांब्याच्या ३५ स्क्वेअर एमएम केबलचा रोध मीटरला साधारण अर्धा मिलिओहम, २५ स्क्वेअर एमएमचा ०.७, आणि १६ स्क्वेअर एमएमचा १.१ मिलिओहम. बॅटरी मागे, चार मीटर जायला आणि चार मीटर यायला. स्टार्टर २५० अँपिअर ओढतोय असं धरा.

३५ ची केबल: ८ मीटर, ४ मिलिओहम, म्हणजे १ व्होल्ट केबलमध्येच गेला. १६ ची केबल: ८.८ मिलिओहम, म्हणजे २.२ व्होल्ट गेले. आणि ज्या बॅटरीचा अंतर्गत रोध ७ मिलिओहम आहे ती त्याच करंटला आतल्या आत पावणेदोन व्होल्ट खाते. १२.७ पासून सुरुवात केली तर १६ च्या केबलने स्टार्टरला जेमतेम पावणेनऊ व्होल्ट मिळतात, सांधे आणि काँटॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) यांचे वजा करण्याआधीच. थंडीत धुळ्याच्या धावपट्टीवर पहाटे उभं असलेलं इंजिन एवढ्यावर फिरणार नाही. फायरवॉलवरच्या बॅटरीला मात्र जाऊन-येऊन २ मीटर पुरतात आणि २५ ची केबल घेऊनही ०.३५ व्होल्टच जातो.

जाड केबल म्हणजे वजन. ३५ ची केबल वेष्टणासकट मीटरला अदमासे ४०० ग्रॅम. आठ मीटर म्हणजे तीन किलोच्या वर. हेही तक्त्यात लिहायचं.

उष्णतेबद्दल थोडक्यात. लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य दर ८-१० अंश सेल्सिअस वाढीला साधारण निम्मं होतं. इंजिन बंद केल्यावर काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत हवा फिरत नाही आणि तापमान काही वेळ उलट वाढतं. फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला बॅटरी बसवलीत तर एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि थंड हवेची एक नळी तिच्याकडे वळवा. लिथियम बनवणारे तापमानाची मर्यादा देतात, ती वाचूनच जागा ठरवा.

आणि हात पोचला पाहिजे. दोन माणसं लागणार असतील, सीट काढावं लागणार असेल, तर त्या बॅटरीची तपासणी होणार नाही, ती पुढे ढकलली जाईल.

४. ट्रे आणि पट्टा

बॅटरी विमानात ‘ठेवत’ नाहीत, बांधतात. आपटलेल्या विमानात ती माणसाच्या पाठीत येता कामा नये. मी पुढच्या दिशेने कमीत कमी ९ जी (वजनाच्या नऊपट जोर) धरतो, आणि बॅटरी माणसाच्या मागे असेल तर त्याच्या दुप्पट. ७ किलोची बॅटरी १८ जीला १२६ किलोचा जोर लावते. प्लॅस्टिकच्या टायने, वेल्क्रोने किंवा मोटरसायकलच्या रबरी पट्ट्याने हा जोर धरला जात नाही. धातूचा ट्रे, वरून धातूची पट्टी किंवा कोनपट्टी, विमानाचे बोल्ट, आणि ट्रे पातळ पत्र्याला नव्हे तर बल्कहेडला (धडाच्या आतल्या मजबूत आडव्या भिंतीला) जोडलेला. फायरवॉलच्या पुढे नायलॉनचे लॉकनट वापरू नका, तिथे पूर्ण धातूचे घ्या.

पाण्याची, म्हणजे भरायची, लेड-अ‍ॅसिड बॅटरी कोणी वापरत असेल तर बंद पेटी आणि बाहेर निघणारी नळी हवीच. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते.

५. मास्टर काँटॅक्टर बॅटरीला चिकटून

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून काँटॅक्टरपर्यंतच्या केबलला कोणताही स्विच, कोणताही फ्यूज नसतो. मास्टर (सगळ्या विमानाची वीज तोडणारा स्विच) बंद केला तरी ती जिवंतच असते. म्हणून ती वीतभरापेक्षा जास्त असू नये. बॅटरी मागे असेल तर काँटॅक्टरही मागेच जातो. ‘फायरवॉलवर जागा आहे’ म्हणून तो पुढे लावलात तर चार मीटर जिवंत केबल धडाच्या आतून फिरत राहील आणि अपघाताच्या वेळी ती तोडायला तुमच्याकडे काहीच नसेल.

दोन बारकावे. मास्टर काँटॅक्टर सतत चालू राहणारा हवा. स्टार्टरचा काँटॅक्टर काही सेकंदांपुरता बनवलेला असतो. दोन्ही दिसायला जुळे भाऊ. अदलाबदल झाली तर मास्टरच्या जागी बसलेला स्टार्टर काँटॅक्टर तापून कॉइल जाळतो, आणि तेही हवेत. डब्यावर लिहिलेलं वाचा आणि हातात आल्या आल्या त्यावर मार्करने लिहून ठेवा.

दुसरं, मास्टर स्विच कॉइलला पॉझिटिव्ह देत नाही. कॉइलचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला असतं आणि स्विच दुसरं टोक ग्राउंड करतो. म्हणजे ग्राउंड सैल झाला तर सगळं विमान अंधारात जाऊ शकतं. कॉइलवर १एन४००७ सारखा डायोड लावा, पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे. तो नसेल तर मास्टर बंद करताना कॉइलमधून उठणारा झटका स्विचचे कॉन्टॅक्ट खात राहतो.

६. लोहार चाळ आणि नागदेवी

केबल आणि लगसाठी लोहार चाळ, बोल्ट आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, डायोड आणि कनेक्टरसाठी लॅमिंग्टन रोड. शनिवारी दुपारी जाऊ नका, दुकानदाराला बोलायला वेळ नसतो.

वेल्डिंग केबल मऊ असते, बारीक तारांची असते, आणि विमानात मुख्य केबल म्हणून बरेच जण वापरतात. पण आपल्याकडे वेल्डिंग केबल तांब्याचीही मिळते, अ‍ॅल्युमिनियमचीही, आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचीही. शेवटची दिसायला हुबेहूब तांबं. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. हातात वजनही कळतं, ३५ स्क्वेअर एमएम तांबं वेष्टण सोडून मीटरला ३०० ग्रॅमच्या वर भरतं.

बारीक वायरींसाठी घरगुती पीव्हीसीची वायर नको. जळताना पीव्हीसी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा धूर सोडतं आणि कॉकपिट लहान असतं. एम २२७५९/१६ प्रकारची, टेफ्झेल वेष्टणाची वायर घ्या. महाग आहे, बाहेरून मागवावी लागते, आणि तिला पर्याय मी शोधत बसलो नाही.

लग कथिलाचा मुलामा दिलेले घ्या. आपल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं अ‍ॅल्युमिनियमला टेकलं की पावसाळ्याभरात सांध्याभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते. लग हातोडीने ठोकून चेपणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे देऊ नका. षटकोनी डायने चेपा आणि पहिला लग करवतीने मधोमध कापून बघा. आत तारांमध्ये पोकळी दिसली तर डाय चुकीची आहे.

७. फायरवॉलवर एकच घर

सगळ्या उपकरणांचे निगेटिव्ह एका ठिकाणी आणा. फायरवॉलमधून आरपार जाणारा पितळी बोल्ट, ८ मिलिमीटरच्या आसपास, कॉकपिटच्या बाजूला त्यावर पितळी पट्टी आणि पट्टीवर वायरी लावायचे चपटे टॅब. इंजिनाच्या बाजूला त्याच बोल्टवर इंजिनाची पट्टी आणि, बॅटरी पुढे असेल तर, बॅटरीची निगेटिव्ह केबल. बोल्टच्या एका बाजूला चारपेक्षा जास्त लग रचू नका, आणि जाड लग तळाला.

एकाच ठिकाणी का? दोन उपकरणं वेगवेगळ्या जागी बॉडीला टाकली, तर त्या दोन जागांमधल्या पत्र्यातून दुसऱ्याच कोणाचा करंट वाहत असतो. लँडिंग लाइट लावला की तेलाच्या दाबाचा काटा हलतो, तो यामुळे. तेलाच्या दाबाचा सेन्सर इंजिनाला ग्राउंड, मीटर पॅनेलला, आणि मधल्या अर्ध्या व्होल्टला मीटर तेलाचा दाब समजतं.

पंखाच्या टोकाचे दिवे, पिटॉट हीटर (वेग मोजणारी नळी गोठू न देणारा) असल्या जड पण बिनडोक उपकरणांना धातूच्या विमानात जागच्या जागी पत्र्याला ग्राउंड चालतो. रेडिओ, इंटरकॉम, इंजिनाचे मीटर, ईएफआयएस (उड्डाणाची माहिती दाखवणारा पडदा) यांना नाही. ते पितळी पट्टीवरच.

बॅटरी मागे असेल तर धातूच्या विमानात निगेटिव्ह तिथल्याच बल्कहेडला देतात आणि परतीचा रस्ता धडाचा पत्रा होतो. हे चालतं, पत्र्याचं आडवं क्षेत्रफळ केबलपेक्षा खूप मोठं आहे. मात्र जोड जाड भागावर घ्या, खाली दुहेरी पत्रा लावून. जिथे लग बसेल तिथला प्रायमर, रंग आणि अ‍ॅनोडायझिंग चकाकेपर्यंत काढा, लगेच घट्ट करा आणि मग वरून गंजरोधक लावा. आधी लावून मग घट्ट करणं म्हणजे सांध्यात वेष्टण घालणं. पाइपच्या सांगाड्याच्या विमानात पावडर कोटिंगवर क्लॅम्प आवळू नका, पाइपला एक कान वेल्ड करून घ्या.

८. इंजिनाची पट्टी

या एका पट्टीसाठी हा लेख लिहिला असं म्हटलं तरी चालेल.

इंजिन रबरी गुटक्यांवर बसतं. म्हणजे विजेच्या दृष्टीने ते विमानापासून तुटलेलं आहे. स्टार्टरचा सगळा करंट इंजिनाच्या धातूतून येतो आणि त्याला फायरवॉलकडे जायला रस्ता लागतो. तो रस्ता म्हणजे क्रँककेसच्या (इंजिनाच्या मुख्य कवचाच्या) बोल्टपासून पितळी बोल्टपर्यंतची विणलेली तांब्याची पट्टी.

आमच्याकडे ती पट्टी होती. इंजिन माउंट रंगवायला काढलं तेव्हा ती सोडवली आणि पुन्हा लावायची राहिली. जुलैतली संध्याकाळ होती, पाऊस होता, तिघंही घाईत होतो. पहिल्यांदा स्टार्टर दाबला, प्रोपेलर पाव फेरा फिरून थांबला. बॅटरी उतरली असेल म्हणून चार्जर लावला. पुन्हा दाबला. मित्र म्हणाला, ‘अरे, थ्रॉटलकडून वास येतोय.’ पॅनेलमागे हात घातला तर थ्रॉटलची केबल हात लावता येणार नाही इतकी तापलेली. परतायला रस्ता नव्हता म्हणून करंटने थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या दांड्याच्या) पोलादी केबल पकडल्या होत्या. आतला प्लॅस्टिकचा अस्तर वितळून थ्रॉटल अडकली. गाळ्यात अडकली, म्हणून आज लिहितो आहे. अर्धवट तुटलेली पट्टी हेच काम हळूहळू, दर स्टार्टला थोडं थोडं करते आणि केबल हवेत अडकू शकते.

म्हणून:

पट्टी क्रँककेसलाच जोडा. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला, बॅफलला (इंजिनाभोवती हवा वळवणाऱ्या पत्र्याला) किंवा इंजिन माउंटच्या पाइपला नाही. तिला सैल वळण द्या, कारण सुरू होताना आणि बंद होताना इंजिन चांगलं हलतं आणि ताणलेली पट्टी लगच्या तोंडाशी तुटते. मुख्य केबलइतकंच तांबं तिच्यात हवं. आणि इंजिन पहिल्यांदा फिरवण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये ‘इंजिन ग्राउंड पट्टी, हाताने ओढून पाहिली’ अशी वेगळी ओळ लिहा. आमच्या यादीत ती ओळ आता लाल शाईत आहे.

९. मॅग्नेटो: इथे सगळं उलटं

मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरून ठिणगीची वीज स्वतःच बनवतो, त्याला बॅटरी लागत नाही. स्विच बंद केला की त्याची पी-लीड (स्विचकडे जाणारी वायर) ग्राउंड होते आणि ठिणगी थांबते. म्हणजे ग्राउंड तुटला तर उपकरण बंद पडायच्या ऐवजी मॅग्नेटो कायमचा चालू राहतो. स्विच ‘ऑफ’वर, चावी खिशात, आणि कोणी प्रोपेलर हाताने फिरवला तर इंजिन उसळू शकतं.

पी-लीडला शील्ड असलेली वायर वापरा. शील्ड मॅग्नेटोच्या अंगाला जोडा आणि तीच स्विचपर्यंत नेऊन स्विचचा ग्राउंड म्हणून वापरा. स्विचच्या टोकाला ती पुन्हा पॅनेलच्या बॉडीला जोडू नका, नाहीतर मॅग्नेटोचा आवाज रेडिओत येईल. इंजिन बंद करण्याआधी, आयडलवर, स्विच क्षणभर ‘ऑफ’ करून बघा. इंजिन मरायला लागलं पाहिजे. नाही मेलं तर प्रोपेलरजवळ कोणाला जाऊ देऊ नका. आणि तसंही, प्रोपेलरला हात लावताना तो नेहमी जिवंत आहे असंच धरा.

१०. हेडसेटमधली शीळ

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ ऐकू आली की लोक अल्टरनेटरला फिल्टर लावतात. आधी माइक आणि हेडफोनचे जॅक बघा. जॅक धातूच्या पॅनेलला थेट बसवला की त्याचं अंग तिथे ग्राउंड होतं, आणि इंटरकॉमकडून आलेली निगेटिव्ह वायर दुसरीकडे. मधे वळसा तयार झाला. जॅकच्या दोन्ही बाजूंना फायबरचे वॉशर घाला, ग्राउंड इंटरकॉमपाशीच द्या. शील्ड एकाच टोकाला जोडा. बहुतेक वेळा एवढ्यावर शीळ जाते.

११. फायबरचं विमान असेल तर

फायबरग्लास आणि लाकूड वीज नेत नाही. बॅटरी मागे किंवा नाकात असेल तर निगेटिव्हची जाड केबलही पूर्ण लांबीची लागते, हे वजन आणि व्होल्टचं गणित करताना विसरू नका. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह शेजारी शेजारी, एकमेकींना बांधून न्या. दोन्हींतला करंट उलट दिशेचा असल्याने त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि होकायंत्र शांत राहतं. अँटेनाला खाली धातू लागतो: व्हीएचएफसाठी साधारण ६० सेंटिमीटर लांबीच्या तांब्याच्या पट्ट्या चारी दिशांना चिकटवा. हा ग्राउंड प्लेन रेडिओ लहरींसाठी आहे, बॅटरीच्या परतीच्या रस्त्याशी त्याचा संबंध नाही. काही जण त्याच पट्ट्यांना दिवे जोडतात. तसं करू नका.

१२. मोजा

मल्टिमीटर ओहमवर ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन यांमध्ये मोजलं आणि ०.२ आलं, म्हणजे सांधा चांगला? काही कळत नाही त्यातून. मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध तेवढा असतो आणि आपण शोधतोय हजाराव्या भागात.

एच-४ बल्बचे दोन्ही फिलामेंट एकत्र लावा, मिळून साडेनऊ-दहा अँपिअर घेतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून बल्ब, बल्बचं दुसरं टोक क्रँककेसवर. करंट क्लॅम्प मीटरने बघा. आता मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लगवर नव्हे, आणि दुसरं क्रँककेसच्या उघड्या धातूवर, बल्बची वायर लागली आहे त्यापासून दूर. १० अँपिअरला १० मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिओहम. फायरवॉलवरच्या बॅटरीला मी एवढ्याची अपेक्षा ठेवतो. जास्त आलं तर एकेका सांध्याच्या दोन बाजूंना टोकं ठेवत चला: खांब आणि लग, लग आणि बोल्ट, बोल्ट आणि पट्टी. दोषी सांधा लगेच सापडतो. बल्ब फार तापतो, मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नका आणि पेट्रोलच्या आसपास हे करू नका.

मग खरी परीक्षा. मॅग्नेटो बंद, स्पार्क प्लगच्या वायरी काढलेल्या, मिक्स्चर कट ऑफ, चाकांना ठोकळे, एक जण प्रोपेलरसमोर कोणी येऊ नये म्हणून उभा. स्टार्टर चार-पाच सेकंद फिरवताना त्याच दोन ठिकाणी व्होल्ट बघा. बॅटरी पुढे असेल तर ०.३ च्या आत, मागे असेल तर ०.६ च्या आत. यापुढे गेलं तर मी इंजिन सुरू करत नाही.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सुटतो, लावताना निगेटिव्ह शेवटी. अंगठी आणि कडं काढून ठेवा.

आलेले आकडे तारखेसह लॉगबुकात लिहा आणि एक प्रत बॅटरीच्या झाकणाच्या आत चिकटवा. पहिल्या दहा तासांनंतर सगळे ग्राउंडचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि दर वर्षी ऑक्टोबरमध्ये, पावसाळा सरल्यावर, बल्बची परीक्षा पुन्हा करून तोच आकडा येतो का ते पाहा. दुप्पट झाला असेल तर त्या सांध्याचा बोल्ट सोडवा, खाली पांढरी भुकटी दिसेल.